कौल

खानापुरात कौल दोन.
एक ते, छपरावर घालायचं.
एक तो, रवळनाथाला लावायचा.
मी एकवीस वर्षं पहिल्याची चाकरी केली,
नदीकाठच्या कारखान्यात, भट्टीच्या तोंडाशी:
डाव्या तळव्यावर कौल, उजव्या हाताचं बोट वाकवून
टक्.
खणखणीत वाजलं तर गाडीत.
बद्द वाजलं तर ढिगात.

पहिल्या दिवशी मी कौल उन्हात धरून
डोळे बारीक करून तडा शोधत होते.
शिवलिंगप्पा मेस्त्री पान थुंकून हसला,
कण्ण सुळ्ळ हेळतैति, किवि हेळंगिल्ल.
डोळा खोटं सांगतो, कान नाही सांगत.
एवढं कन्नड मला कुणी फोडून सांगावं लागलं नाही.

पण कारखान्याच्या फाटकाबाहेर
शेळी विकायची तर परशरामला विचार,
पोरीला नर्सिंगला घालायचं तर मास्तरांना.
दिवसाला हजारभर कौलांचा निकाल लावणारी बाई
लुगड्याच्या दुकानात उभी राहून म्हणायची,
तुमीच सांगा वहिनी, हिरवं की जांभळं?

मग तो बेळगावचा माणूस आला.
कारखाना बंद पडून तिसरं वर्ष.
परड्यातले पाच गुंठे त्याला हवे होते,
बदल्यात लेआउटमध्ये एक गाळा, वर रोख.
येताना अर्धा किलो कुंदा.
कागद कन्नडात, समजावणं मराठीत,
आकडा तेवढा इंग्रजीत.
भाऊ म्हणाला, विचार काय करुलालीस? घाल सही.
मास्तरांनी चष्मा लावून दोनदा वाचलं,
सगळं बरोबर आहे म्हणाले.
सगळं बरोबरच होतं.
फक्त तो मला मावशी म्हणाला
आणि त्या शब्दावर माझं बोट आपोआप वाकलं.
बद्द.

देवाला विचारते, मी म्हटलं.
गुरवानं ओले कळे लावले, गाऱ्हाणं घातलं,
समईची वात सरळ होती.
उजवा पडला. लगेच.
घे, झालं तुझं काम, गुरव म्हणाला,
आणि माझ्या पोटात काहीतरी डावीकडं पडलं.
हात जोडलेलेच होते.
मी विचारायला आलेच नव्हते, हे देवासमोरच कळावं!

तरी त्या दिवशी मी नाही म्हटलं नाही.
मेस्त्रीनं पावसाळ्यात आणखी एक शिकवलं होतं:
ओलं कौलही बद्द वाजतं,
चांगलं असलं तरी.
ते फेकायचं नाही.
वाळू द्यायचं, मग पुन्हा वाजवायचं.
माझ्यातही ओल होती. एकटीची, पैशाची,
उद्या परशराम तोंड फिरवेल याची.
नऊ दिवस काढले.
दहाव्या दिवशी भाकरी थापता थापता
तो मावशी शब्द पुन्हा बोटावर घेतला.
बद्दच.

कारण सांग की, परशराम ओरडला.
कारण नव्हतं.
असतं तर मास्तरांच्या चष्म्यालाही दिसलं असतं.
दिवाळीपर्यंत बोलला नाही तो,
फराळाचं ताट मात्र पोरानं आणून ठेवलं.

माणूस खोटा होता का? मला माहीत नाही.
शेजारच्या गुंडूनं आपली जागा दिली,
त्याच्या गाळ्यात मोबाईलचं दुकान आहे, चालतं म्हणे.
माझ्या परड्यात अळू, मिरची, एक चिंच,
आणि वाफ्यांना फुटक्या कौलांची किनार,
मीच कधीकाळी ढिगात टाकलेल्या.
परवा तण काढताना त्यातलं एक हाती आलं.
सवयीनं वाजवलं,
तर खणखणीत!
पावसाळ्यातलं असणार, मेस्त्री भेटायच्या आधीचं,
किंवा नंतरचंही.
माती पुसली,
पुन्हा जिथल्या तिथं रोवलं.